लसूण काढून घेतलेलं तेल

ब्रागा शहराचा माझा नकाशा वेगळा आहे.
त्यात चर्च नाहीत, चौक नाहीत,
फक्त दारं आहेत, आतून कडी लागणारी.
अग्निशमन केंद्राच्या मागचं एक,
मासळीबाजारातलं, थंड, कायम ओलं,
आणि टेकडीखालच्या कॅफेतलं,
जिथे किल्ली मागायची तर कॉफी घ्यावी लागते
आणि कॉफी घेतली की पुन्हा किल्ली.

अकरा वर्षं बस चालवते मी.
एकदा भर चढावर उभी केली,
इंजिन बंद, दिवे लुकलुकते,
चाळीस माणसं तशीच टाकून पळाले.
परत आले तर कुणी काही बोललं नाही.
एका म्हातारीनं पर्समधून
पुदिन्याची गोळी काढून पुढे केली.
ते न बोलणं आठवडाभर पोटात राहिलं.

डॉक्टर फिलोमेना म्हणाल्या,
नळीतून सगळं पाहिलं, आतडं स्वच्छ आहे, गुलाबी.
मी म्हटलं, मग दुखतंय ते कुणाचं?
त्या हसल्या नाहीत. बरं वाटलं.

जेवणाआधी वीस मिनिटं एक गोळी, पेटका सोडवणारी.
रात्री एक, मसुराएवढी.
चिठ्ठी वाचून माझी बहीण म्हणाली,
इदालिना, ही तर उदास माणसांची गोळी!
डॉक्टर म्हणाल्या, उदासीला हा डोस पुरायचा नाही,
हा फक्त पोटापुरता आहे.
पोटापुरता.
पगारही तसाच आहे माझा.

मग यादी. सहा आठवडे:
कांदा नाही, लसूण नाही, गहू नाही,
राजमा नाही, सफरचंदसुद्धा नाही.
अबिलियोनं चष्मा कपाळावर सरकवला.
एकतीस वर्षं या घरात
कांदा परतल्याशिवाय गॅसला अर्थ नव्हता.
तो काही बोलला नाही, बाल्कनीत गेला,
आणि बराच वेळ कपडे वाळलेत का ते पाहत राहिला.

दुसऱ्या दिवशी कढईत तेल तापवलं त्यानं,
तीन पाकळ्या सोडल्या, सोनेरी होऊ दिल्या,
आणि चिमट्यानं एकेक उचलून बाहेर काढली.
म्हणाला, जे बाधतं ते तेलात उतरत नाही,
वास तेवढा उतरतो. वाचलंय मी.
काढलेल्या पाकळ्या पावावर चुरडून
त्यानं उभ्या उभ्या खाल्ल्या, माझ्याकडे पाठ करून.
वास होता. लसूण नव्हता.
तेरेझा लक्झेम्बर्गला गेली
तेव्हापासून तिची खोली अशीच आहे.

वही ठेवायला सांगितली होती.
मंगळवार: भात, कॉड, गाजर. ठीक.
बुधवार: तेच. ठीक नाही.
गुरुवार: तेरेझाचा फोन, नोकरी गेली म्हणाली.
जेवण नाही. तरीही.
वहीत फोनसाठी रकाना नव्हता,
मी समासात लिहिलं.
फिलोमेनाबाईंनी त्या समासावरच बोट ठेवलं.

सातव्या आठवड्यापासून एकेक पदार्थ परत आला,
पाहुण्यासारखा, तीन दिवसांच्या मुक्कामाला.
पावाचे दोन तुकडे नांदले.
कांद्याची हिरवी पात नांदली, पांढरा भाग भांडला.
सफरचंदाला दारातूनच परत पाठवलं.
गोळ्या चालू आहेत.
महिन्यात चार वाईट दिवस असतात,
आधी चार चांगले असायचे.
हा हिशेब कुणाला सांगितला तर कीव करतात,
म्हणून सांगत नाही.

जूनमध्ये संत जोआओची रात्र.
गल्लीत निखारे, सार्डिन, सगळे एकमेकांच्या डोक्यावर
प्लास्टिकचे हातोडे आपटत होते.
शेजारच्या दुल्सेनं ताट पुढे केलं,
वर कच्च्या कांद्याच्या चकत्या, व्हिनेगर लावलेल्या.
मला माहीत होतं.
खाल्ल्या. सगळ्या.

पहाटे तीनला पोटात गोळा आला
आणि मी आतून कडी लावली.
बाहेर फरशीवर अबिलियो येऊन बसला.
खूप खाल्लेस? नाही विचारलं.
कालचा पेपर उघडला
आणि दाराला टेकून वाचू लागला:
ब्रागा दोन, गिमाराइश एक.
पेनल्टी वादग्रस्त होती, म्हणाला.
मी आतून म्हटलं, नव्हती.