याद्विगा दवाखान्यातून फोनवर सांगते

ऐकतोयस ना, काझिमिर? नर्सने दहाच मिनिटं दिलीत.
तळघरातला दिवा गेलाय, मेणबत्ती घेऊन उतर,
आणि तिसरी पायरी सांभाळ,
तिनेच माझं खुब्याचं हाड खाल्लं.

उजवीकडच्या ढिगाला हात लावू नकोस, ते बियाणं आहे.
डावीकडचे घे, हाताला घट्ट लागतील तेवढेच.
कोंब आले असतील तर मोडून टाक,
पण साल हिरवी पडलेली दिसली की दयामाया नको,
जाड काप काढ. कडू, आणि वर विषारी,
तुझ्या थोरल्या मामासारखं.
हसवू नकोस, हसलं की टाके ओढतात.
आणि कांद्याची टोपली बटाट्यांजवळ तूच ठेवलीस ना?
हलव तिथून. शेजारी राहून दोघं एकमेकांना नासवतात.

उकडायचे तर थंड पाण्यात घाल.
थंड. उकळत्यात नाही.
चाळीस वर्षं जानेवारीत ट्रॅक्टर चालू केलास,
कधी एकदम रेस दिलीस का? तसंच हे.
नाहीतर बाहेरून पीठ आणि आत खडा.
मीठ तेव्हाच, पाण्यात;
नंतर भुरभुरलेलं वरच्यावरच राहतं.
सुरी खुपस. बटाटा आपला आपण घसरून पडला की झालं.
घड्याळावर जाऊ नकोस, ते दहा मिनिटं पुढे आहे,
तुझी बस चुकू नये म्हणून मीच केलंय,
तुला कधी सांगितलं नाही.

पाणी ओतून टाकलंस की पातेलं पुन्हा चुलीवर,
अर्धा मिनिट नुसतं हलव, ओल उडून जाऊ दे.
कुस्करताना दूध कढत हवं.
आणि लेकाने पाठवलेलं ते विजेचं यंत्र बाहेर काढू नकोस,
त्यात बटाट्याची खळ होते.
पुढच्या खोलीचा कागद सुटलाय भिंतीवरून,
त्याला लाव हवं तर.

काय?
द्रानिकी?
तू?

बरं. किसणी दारामागे आहे. बारीक बाजू.
शेवटचा तुकडा कोंबड्यांना टाक, बोटं नको सोलूस.
एक बटाटा, थोडा कांदा, पुन्हा बटाटा असं किसत जा,
म्हणजे कीस काळा पडत नाही.
रडू येईल. येऊ दे, घरात कोण आहे बघायला.
फडक्यात पीळ, पण ते पाणी फेकू नकोस!
वाडग्यात निवळू दे. तळाशी पांढरा साका बसेल,
बोटांत करकरेल, बुटाखाली बर्फ करकरतो तसा.
तो खरवडून परत किसात घाल.
मैदा नको. मैदा तुझ्या बहिणीला घालू दे.
चरबी चुरचुरायला लागली की चमच्याने सोड, पातळ,
आणि कडा तांबूस होईतो उलथन्याला हात लावू नकोस.
तुझं तिथेच चुकतं.
सारखं उलथून बघायचं, भाकरी असो की भांडण.

काय म्हणालास?
इथे आणणार? माझ्यासाठी?

वेड्या, द्रानिकी बसने येत नाहीत.
दोन तासांत ओल्या मोज्यासारख्या होतील,
आणि मला त्या छान म्हणाव्या लागतील.
तूच खा. चुलीपाशी उभ्याउभ्याच खा,
मी थोडीच आहे तिथे, बस म्हणायला.

मला उकडलेले आण. चार. सालीसकट.
गरम असतानाच वर्तमानपत्रात गुंडाळ,
मग लोकरीच्या टोपीत,
आणि पिशवीत नको, कोटाच्या आतल्या खिशात ठेव.
हातमोजे तू विसरणारच आहेस,
स्टॉपवर थांबशील तेव्हा हात तिथे घाल.

चार कशाला म्हणजे?
शेजारच्या खाटेवर स्तेफानिया आहे.
तिच्याकडे काडेपेटीत मीठ आहे, घरून आणलेलं.
तीन आठवडे झाले,
उशीखाली नुसतं जपून ठेवलंय तिने.