लिहिलेली कार्डं

क्रॅबट्री म्हणतो, लिहिलेलं असलं
की किंमत उतरते.
कोरं असेल तर सहा पौंड,
कुणी पेन लावलं असेल तर पन्नास पेन्स,
वर चहाचा डाग असेल तर, बाई, तुम्हीच सांगा.

टॉडमॉर्डनचा गुरुवारचा जुना बाजार.
पितळी घंटा, बिनकानाचे कप, कुणाचे तरी चष्मे,
आणि टेबलाखाली बुटांच्या खोक्यात
क्रिकेटची स्कोअरकार्डं.
मैदानाच्या दारात तीन पेनीला मिळायची ती.
नावं छापलेली, पुढची जागा रिकामी;
ज्याची त्यानं भरायची.

मी गुडघे टेकून बसते. जेवणाची सुट्टी पाऊण तास.
औषधांच्या दुकानात एकोणीस वर्षं
डॉक्टरांची अक्षरं लावतेय,
त्यामुळे कुठलंच अक्षर आता मला घाबरवत नाही.
क्रिकेट मात्र बेताचंच कळतं.
लेगबाय म्हणजे काय, ते क्रॅबट्रीनं
स्वतःच्या नडगीवर थापट मारून दाखवलं,
तेव्हा कुठे डोक्यात शिरलं.

रात्री भांडी आवरून झाली की दिवा जवळ ओढते.
कार्ड प्लास्टिकच्या कप्प्यात सरकताना
बारीकसा आवाज होतो,
नव्या साडीची घडी मोडताना होतो तसा.

एकावर ऑग्डन, झेलबाद, सतरा,
आणि समासात: उगाच मारला.
एकाच्या पाठीवर अंडी, काडेपेट्या, मॉरीनचं खोकल्याचं औषध.
(त्या औषधाचं नाव मी ओळखलं. आता ते निघत नाही.)
एकावर पाचव्या गड्यानंतर अक्षर एकदम मोठं होतं,
आठाचा आकडा आडवा पडलेला,
पेन्सिल इतकी दाबलेली की मागून बोटाला लागते.
बाप चहा आणायला गेला असणार
पोराच्या हाती कार्ड देऊन.
परत आल्यावर त्यानं काहीही खोडलेलं नाही.

एक कार्ड चौथ्या गड्यावरच थांबलंय.
पुढे कोरंच.
पाऊस आला? शेवटची बस होती?
की शेजारी कुणी येऊन बसलं
आणि धावांचं भान राहिलं नाही?
क्रॅबट्री म्हणतो, पाऊसच.
त्यानं लग्न केलेलं नाही.

आणि मग हिरवी शाई.
सातच्या पोटात आडवी रेघ, शून्य नीट मिटलेलं.
पहिलं मिळालं तेव्हा लक्षातही आलं नाही.
दुसरं मिळालं तेव्हा झालं असं,
की रस्त्यात ओळखीचं कुणी दिसावं
आणि नाव ओठांवर येऊ नये.
आता अकरा झालीत, अठ्ठावन्न ते एकाहत्तर.
बासष्ट नाही, चौसष्ट नाही, सत्तर नाही.
ते तीन कप्पे रिकामे ठेवलेत;
पानं उलटताना हात तिथे हळू होतो.

हिरवी शाई इथल्या हॉस्पिटलातले औषधवाले वापरतात,
जुनी रीत आहे. मीही वापरली पहिली तीन वर्षं,
हॅलिफॅक्सला, रात्रपाळीत.
म्हणजे हा आमच्यातलाच.
की ही? मला ही वाटते.
आठवडाभर गोळ्या मोजायच्या
आणि शनिवारी डबा घेऊन, टेकडीच्या बाजूच्या बाकावर,
दुसऱ्यांच्या धावा.

सहासष्टच्या कार्डावर बेरीज चुकलीय तिची.
लिहिलंय एकशे त्रेचाळीस, भरतात एकशे बेचाळीस.
अवांतर धरून चार वेळा केली,
मग मशीनवर केली.
एक धाव कुठून आली कुणास ठाऊक.
पेन्सिल हातात घेतली होती मी,
ठेवून दिली.
एकाची चूक आमच्या धंद्यात चालत नाही.
शनिवारी चालत असावी.

क्रॅबट्रीला यातलं काही सांगितलेलं नाही.
किंमत वाढवेल.