फेरवजन

जालन्याच्या एमआयडीसीत, सळईच्या कारखान्याच्या फाटकाशी
मी वजनकाटा सांभाळतो.
भरलेली गाडी, रिकामी गाडी, मधला फरक,
एवढंच माझं गणित.
ड्रायव्हर कटकट करतात, पुन्हा चढवतो म्हणतात.
मी पावती फाडून हातात देतो :
काटा आहे बाबा, सोयरा नाही.

माझ्याही तीन पावत्या आहेत.
पहिली इथल्याच सिव्हिलची.
दुसरी संभाजीनगरच्या लॅबची, नऊशे रुपये,
नाव सांगितलं मावसभावाचं.
तिसरीसाठी परभणी गाठली, तिथं कोण ओळखतंय म्हणून,
तर स्टँडवरच साडू भेटला.
बियाणं बघायला आलो, म्हणालो. भर मार्चमध्ये.

तिन्हींवर एकच शब्द.
उघडून मिटून घडीवर कागद विरलाय.
नॉन-रिॲक्टिव्ह.
मी त्यातला 'नॉन' बोटानं झाकून वाचतो.

सकाळी आरशात जीभ. दुपारी जबड्याखाली बोटं.
एक गाठ होती काल, वाटाण्याएवढी,
आज नाही,
तर ती गेली कुठं म्हणून घाम फुटतो.
चाचपून चाचपून मानेची ती जागा
खरोखरच सुजली.

रात्रपाळीला सगळे चहाला गेले की
काट्यावर जाऊन उभा राहतो, एकटा,
चौदा चाकांच्या जागेत दोन चपला.
खिडकीतून आकडा लाल दिसतो : साठ.
परवाही साठ. त्याआधीही साठ.
या काट्याला दहा किलोच्या आतलं कळत नाही,
हे मलाच ठाऊक,
तरी मी उभा.

चौथ्यांदा सिव्हिलला गेलो
तेव्हा घनसावंत मॅडमनी रजिस्टर उघडलंच नाही.
"मुदत कधीच उलटून गेली, भाऊ. रिपोर्ट संपले.
आता काय शोधायलात?"
मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसलो.
त्यात ढाब्यामागची ती वीस मिनिटं नव्हती.

बाहेर बाकावर एक बाई
गोळ्यांची बाटली पिशवीत घालत होती,
डब्याखाली, मेथीच्या जुडीच्या आड.
"नवीन का?" तिनं विचारलं.
"नाही नाही, माझं निगेटिव्ह आहे,"
इतक्या घाईनं म्हणालो
की माझी मलाच लाज वाटली.
ती हसली. "अन् मग इथं काय करायलात?
मला तर नऊ वर्षं झाली. चला, पोरीची शाळा सुटंल."
आणि रिक्षाला हात करत गेलीसुद्धा,
ज्याच्या भीतीनं मी वाळत चाललोय
ते अंगात घेऊन, खणखणीत चालीनं.

म्हणजे रक्तात नाही.
मग गाडी भरलीय कशानं?

घरी माझा पेला वेगळा आहे. पंचा वेगळा.
सहा महिने मी गच्चीवर झोपतो, उकडतंय म्हणून.
हिवाळ्यातही उकडत होतं.
द्वारका काही बोलली नाही.
एकदाच, भाकरी थापता थापता, पाठमोरी :
"माझं काही चुकलं का?"
तव्यावरची भाकरी करपली तरी
माझ्या तोंडून शब्द निघाला नाही.
ही गाठ मात्र कुठल्याच बोटाला लागत नाही.

काल मुनीर गाडी घेऊन आला.
"चाळीस किलो कमी दाखवतोय तुझा काटा."
एरवी मी पावती फाडली असती.
म्हणालो, चढव पुन्हा.
त्यानं मागं घेतली, चढवली. तोच आकडा.
तो मान हलवून हसला, पावती खिशात घातली
आणि गेला. एवढंच.
असं नुसतं जाता येतं.

रात्री गच्चीवरून अंथरूण खाली आणलं.
द्वारकानं दिवा मालवला नाही.
म्हणालो, तुला एक सांगायचंय.
हात आपोआप मानेकडे निघाला होता,
मधेच कुणीतरी धरला.