तटस्थ

पान उघडलं तेव्हा पहाटेचे सव्वापाच.
कचरागाडी अजून गात आली नव्हती.
काल रात्री लिहिलेल्या माझ्या अकरा ओळींपैकी
चार उरल्या होत्या.

पखाली घाट, इंदूर. कान्ह नदीचा डावा काठ.
इथपर्यंत शाबूत.
‘दोनशे बारा घरं पाडली’ याचं
‘काही अतिक्रमणं हलवली’ झालं होतं,
आणि हमीदाबी, गेंदालाल, बद्रीची आई
कुठेच नव्हती.

खाली शेरा: तटस्थ नाही. संदर्भ हवा.
सही: निर्मळ सात.

मी बाई नळखात्यातली टायपिस्ट, एकतीस वर्षं.
शेरे मला नवे नाहीत.
ओळी परत घातल्या,
पोहे भिजवून आले,
तोवर पुन्हा पुसलेल्या.

दुपारी दुसराच कोणी धावून आला.
वाटलं, आपल्या बाजूचा.
त्यानं ‘पाडली’ परत आणलं, वर ‘निर्दयपणे’ जोडलं
आणि बुलडोझरपुढे
आपल्या नेत्याला आडवं झोपवलं.
भिया, मी होते तिथे.
पुलावर, ऑफिसच्या जीपमध्ये.
बुलडोझरपुढे फक्त एक शेळी होती
आणि तिलाही कोणीतरी कान धरून ओढून नेलं.

रात्रीपर्यंत एक बाग लावायचा,
दुसरा ती उपटून नेता झोपवायचा.
मग कुलूप.
वाद मिटेपर्यंत बदल बंद.
कुलूप पडलं तेव्हा पाळी बागेची होती.

संदर्भ हवा.
वाचनालयात बसून त्या आठवड्याचे पेपर चाळले.
एकात तिसऱ्या पानावर पाच ओळी, घरांचा आकडा नाही.
दुसऱ्यात फीत, कात्री आणि बरेच हसरे चेहरे.
हमीदाबीकडे गेले.
ती आता शहराबाहेर, चौथ्या मजल्यावर,
जिथे पाणी चढत नाही.
आजा पखाल वाहायचा तिचा,
आणि पाणी चढत नाही.
म्हणाली, लिख दो बाई, मेरा नाम लिख दो.
माणूस संदर्भ होत नाही, छापलेलं लागतं,
हे तिला कुठल्या तोंडानं सांगू?
चहा प्यायले. जिने उतरले.

तटस्थ.
बसमध्ये शब्द घोळवत राहिले.
तट म्हणजे काठ. काठावर उभा तो.
मग तेच की तटस्थ,
तीन पिढ्या,
श्रावणात गुडघाभर पाण्यात, डोक्यावर गाद्या घेऊन.
निर्मळ सात कुठल्या काठावर राहतो,
त्याला नळ आहे का,
पानावर दिलेलं नाही.

छापलेलं लागतं म्हणून घरी ट्रंक उपसली.
विम्याच्या पावत्या, मुंजीच्या पत्रिका,
आणि तळाशी एक कार्बन कॉपी,
जावक क्रमांकासकट:
‘पखाली घाट के सार्वजनिक नल क्र. १ से ७
तत्काल बंद किए जाएँ।’
तारीख पाडायच्या तीन दिवस आधीची.
कोपऱ्यात, बारीक अक्षरात, टाइप करणाऱ्याची खूण:
कु. टें.

घाट आधी तहानला, मग पडला.
माझ्या अकरा ओळींत ही ओळ नव्हती.
ती कोणी पुसली नाही.
मीच लिहिली नव्हती.

खाली गाडी आली, गात.
ओला वेगळा, सुका वेगळा.
डबा रिकामा करून दिला. कागद हातातच राहिला;
पोरगा म्हणाला, आजी, ते पण टाकायचंय?
नाही, म्हटलं. ते ओलं आहे का सुकं,
अजून ठरत नाहीये.

कुलूप उघडायला नऊ दिवस.
बारावी ओळ लिहून ठेवलीय:
पाणी आधी तोडलं. हुकूम टाइप केला
कुमुदिनी टेंभे, नळखातं, हिनं.
निर्मळ सात ती पुसेल.
शेरा मारेल, तटस्थ नाही.
या खेपेला
त्याचं बरोबर असेल.