पुढचा ब्रेक

सातपूरला आठ तास मी दुसऱ्यांचं काम मापते.
गो-नोगो गेज भोकात घालायचा,
गेला तर ठीक, अडला तर लाल खोक्यात.
एकोणीस वर्षांत बोटांनाच कळायला लागलंय
दोन शतांश जास्त म्हणजे किती जास्त.

तरी शनिवारी सारडा सर्कलच्या मागे
मुनाफच्या दुकानात उभी राहिले तेव्हा
पर्समध्ये बोनस होता आणि तोंडात यादी.
एकशे चाळीसचा फोर्क,
रुंद हँडलबार, आखूड स्टेम,
बोटभर गाठींचे टायर.
म्हटलं, मी उतारावरची आहे.
चामरलेण्यामागच्या वाटेवर
मी सुटते.

यादी त्याने ऐकून घेतली, लिहून घेतली नाही.
सायकल स्टँडवर टांगली,
कपाळावरचा चष्मा नाकावर आणला
आणि वाचायला लागला
जसं मी एखादं रिजेक्ट झालेलं बेअरिंग वाचते.

मागचे ब्रेक पॅड: पत्र्यापर्यंत खाल्लेले.
पुढचे: कालच पाकिटातून काढल्यासारखे.
मागच्या टायरवर तीन चपटे डाग,
चाक फिरायचं थांबून घसपटत गेल्याचे.
कॅसेटची मोठी चक्रं झिजून चकाकतायत,
लहान चक्रांवर कंपनीचा काळा रंग तसाच.
"ताई, तुम्ही चढता," तो म्हणाला.
"उतरत नाही. उतरताना नुसत्या थांबता."

मी काही बोलले नाही.
बाहेर कुणी तरी हातगाडीवरची द्राक्षं
अंदाजाने तोलत होतं.

मग फोर्कच्या नळीवरची धुळीची रेघ दाखवली.
"शंभरातले पंचावन्नच वापरलेत.
उरलेले पंचेचाळीस आधी संपवा,
मग वरचे चाळीस विकतो."

वजन विचारलं. सांगितलं.
"पाण्याची पिशवी, पंप, डबा धरून?"
परत सांगितलं, जरा हळू.
बूट घालून बसवलं, भिंतीला कोपर टेकवायला लावलं,
फोर्कमधली हवा सोडली थोडी, परत थोडी.
टायर पंचेचाळीसवरून सव्वीसवर.
मी ओरडलेच, पंक्चर होईल!
"दगडाला टायरने धरायचं असतं.
तुम्ही दगडावर टायर आपटत होता."

शेवटी म्हणाला, ब्रेकवर हात ठेवा.
ठेवला. त्याने माझी बोटं बघितली,
मग लिव्हर बघितली,
आणि बारक्या पान्याने एक एवढासा स्क्रू
सहा वेळा फिरवला.
लिव्हर आत आली. आली, आली,
आणि पहिल्यांदाच
मूठ न सोडता एक बोट तिच्यावर बसलं.

"म्हणजे मी घाबरत नव्हते?"
"ते मला नाही माहीत.
पोचत नव्हतं, एवढं दिसतंय."

पुढचा एक टायर, मागचे पॅड, मजुरी एकशे वीस.
फोर्क काचेआड तसाच राहिला, केशरी.
आवडला होता मला. अजून आवडतो.

रविवारी म्हसरूळहून वर गेले.
चढणीला काही बोलायचं नाही,
चढण मला येते, हे आता लेखी आहे.
वर पोचल्यावर मुरूम, सुटे खडे,
खाली कुठे तरी ट्रॅक्टरचा आवाज,
आणि उजव्या बोटाखाली ती लिव्हर,
जवळ, फारच जवळ.
आता कारण उरलं नव्हतं.

पहिल्या वळणावर मागचाच दाबला. सवय.
दुसऱ्यावर पुढचा, शेंग सोलावी इतका.
चाकाने जमिनीत तोंड खुपसलं नाही.
जमीन थोडी वर आली फक्त,
माझं वजन मनगटात उतरलं,
आणि सायकल माझ्या खालून पळून जायची थांबली.

तिसऱ्यावर पडले, तो भाग वेगळा.

खाली बसून गुडघ्यावर पाणी ओतलं,
पिशवीतून व्हर्नियर काढला,
हो, मी व्हर्नियर घेऊन फिरते,
आणि नळीवरची नवी रेघ मापली.
एकाहत्तर पूर्णांक चार.

कुठल्या खोक्यात टाकू ते कळेना.
पुसून टाकली रेघ फडक्याने
आणि पुन्हा वर निघाले.