प्रजाती: ——

जिवबा केळुसकर माडावरून उतरले
ते शहाळं न घेता.
कोयत्याशेजारी, सुपारीच्या विरीत गुंडाळलेला
एक मेलेला भुंगा.
"ह्या बगा बाई. हेका मिशी इली हा."

गेंड्या भुंगा. शिंग शाबूत, पाय कोंबाला घट्ट,
आणि जिथे चिलखत चिलखताला मिळतं
त्या प्रत्येक फटीतून पांढरा कापूस,
वर हिरवट पूड, बोटाला लागेल न लागेल अशी.

आरवलीत, पोस्टामागच्या खोलीत, वीज गेली होती.
सूक्ष्मदर्शकाला खिडकीतला उजेड पुरतो.
मी मोजत बसले:
बीजाणू सात मायक्रोमीटर, क्वचित आठ,
कणीसारखे, कंबरेत किंचित दबलेले,
एकावर एक रचून उभे.

ओळखसूचीत दर पायरीला दोनच वाटा.
टोक गोल असेल तर सहावर जा,
निमुळतं असेल तर नऊवर.
नऊवरून मी चौदावर आले
आणि चौदाच्या पुढे वाटच नव्हती,
पाखाडी उतरत उतरत
भरतीच्या खाडीत बुडावी तशी.

मी हसले. मेल्या किड्यापुढे, एकटीच.
हे अहवालात लिहीत नाहीत.

मग तीन महिने गायऱ्या उकरल्या.
शेणात हुमण्या, हुमण्यांवर तीच पूड.
एकेचाळीस डब्या, कुलुपाच्या कपाटात.
रेडीचा एकही भुंगा तसा निघाला नाही;
का, ते अजून माहीत नाही.
पुण्याहून जनुकांचा कागद आला:
भाऊबंद आहेत, चूल वेगळी.

"नाव तुमचंच देते," म्हटलं.
जिवबांनी विडी पायाखाली विझवली.
"रोगाक माझा नाव नको हां.
नातीचा लगीन ठरता हा."
मग माडाकडे बघत,
"आवस माझी हेका पिठी म्हणी.
पिठी इली काय माड वाचलो."

म्हणजे चौदाच्या पुढची पायरी
तिला ठाऊक होती,
हुमण्या वेचून कोंबड्यांना घालणाऱ्या बाईला,
जिचं नाव मी तेव्हा विचारलं नाही.

डबीवरची चिठ्ठी लिहिली:
यजमान, तारीख, माडाची उंची,
प्रजाती: कोरी रेघ.
संग्राहक: जि. केळुसकर.
ह्या ओळीला त्यांची हरकत नव्हती.
फक्त म्हणाले, "ळ नीट काडा."

लॅटिनमध्ये ळ नाही.
मी तो शाईने, सावकाश काढला.