अकरा सेकंद

सरकारी खोक्यातून दोन माइक आले, एक टॅबलेट
आणि सूचनांचं पत्रक :
'रेकॉर्डिंगसाठी शांत खोली निवडा.'

चिलोएच्या बेटांवर शांत खोली!
पत्र्यावर पाऊस, पत्र्याखाली आठ मुलं,
चुलीत ओलं लाकूड चरचरतंय,
मधूनच धक्क्यावर लाँचचा भोंगा.
शेवटी लोकरीची कोठी सापडली,
न पिंजलेले गठ्ठे आढ्यापर्यंत.
तिथे आवाज भिंतीवर आपटत नाही,
मेंढीच्या अंगात मुरून जातो.
तासाभरात आम्हा सगळ्यांनाच मेंढ्यांचा वास येऊ लागला.

रोसामेल सहा वर्षांचा.
त्याचा प्रत्येक 'प' माइकवर फटाक्यासारखा फुटायचा.
मी पायातला मोजा काढून माइकला घातला.
स्वतःचा आवाज पहिल्यांदा ऐकला
तेव्हा त्यानं हेडफोन उतरवून आत डोकावून पाहिलं :
"हा मी नाही."
मी म्हटलं, मलाही माझा आवाज पटत नाही रे,
चोवीस वर्षं वर्गात ऐकतेय तरी.

पहिला पाहुणा एलिसेर नावेलांका.
त्याचं घर समुद्रावरून आलंय.
तो सात वर्षांचा होता.
गावानं घर ओंडक्यांवर चढवलं,
बैलजोड्यांनी किनाऱ्यापर्यंत ओढलं,
भरती आली तसं ते उचललं गेलं
आणि दोन होड्यांमागून पलीकडच्या बेटावर गेलं.
मजुरी कुणीच घेतली नाही.
जेवण मात्र सगळ्यांना, आणि सफरचंदाची दारू.
"आई चूल विझवायला विसरली," तो म्हणाला,
"भर समुद्रात आमच्या धुराड्यातून धूर!"

यास्नानं तळहातावरचा पाचवा प्रश्न वाचला,
घामानं अर्धा पुसलेला :
तुम्हाला भीती वाटली?

पडद्यावर डोंगर चढत-उतरत आलेली
आवाजाची रेघ
आडवी झाली.
यास्ना बोटं मोजत होती.
दहाही संपली.
"नाही," तो म्हणाला.

पत्रक म्हणतं : दोन सेकंदांहून मोठी शांतता कापून टाका.
सोमवारी यास्नाचं बोट कात्रीच्या चित्रावर होतं.
रोसामेल ओरडला, "थांब, यात कुत्रा आहे!"
खरंच होता.
कान दाबून धरले तर ऐकू येतं,
फळ्यांवर शेपूट, धप्, धप्,
आणि म्हाताऱ्याच्या नाकातली बारीक शीळ.
आळीपाळीनं सगळ्यांनी ऐकलं.
मग यास्नानं उलटंच केलं.
अकराही सेकंद ठेवले
आणि ते 'नाही' कापलं.
मला विचारलं नाही.
मला ते इतकं आवडलं
की मीही तिला काही विचारलं नाही.
तिथे माझं चुकलं.

शुक्रवारी एलिसेर ऐकायला आला.
टोपी हातात, कुत्रा दाराबाहेर.
हेडफोन एकाच कानाला धरून
शेवटपर्यंत ऐकलं.
मग म्हणाला,
"माझं 'नाही' कुठे गेलं?"

यास्ना कानापर्यंत लाल.
"तुम्ही खरं सांगत नव्हता," ती म्हणाली,
"नुसतं नाही म्हणायला
इतका वेळ लागतो का?"

कोठीत आता पत्रकाला हवी होती तशी शांतता.

"खोटंच होतं पोरी," तो म्हणाला,
"पण माझं होतं.
पासष्ट वर्षं सांभाळलंय.
जिथलं तिथे ठेव."

पडद्याच्या कोपऱ्यात
मागे वळलेला एक बाण असतो.
तिनं तो दाबला.
'नाही' परत आलं,
सपाट रेघेच्या शेवटी एवढासा उंचवटा,
लांबून पाण्यावर
एखादं घर दिसावं, तेवढा.

पुढच्या आठवड्यात जाळी विणणारी बाई येणार आहे.
प्रश्न यास्ना या वेळी कागदावर लिहिणार म्हणते.
माझा मोजा अजून माइकलाच आहे.